एकटीने स्पिती, गाडी हिमालयन ४११: शिमल्याकडून चढू की मनालीकडून?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार मंडळी,

वय सत्तेचाळीस, बँकेत नोकरी, गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटारसायकल. आंबोली, गगनबावडा, आंबा घाट, खाली उतरून वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा हे सगळं एकटीने फिरून झालंय. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे गाडी हातात येण्याआधीच त्यांच्याकडून शिकले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिमाचलातल्या स्पितीला जायचं पक्कं केलंय. माझं लहानपण जत तालुक्यात गेलं. उघडं माळरान, लांबवर कुणी नाही, नुसता वारा, असं काही समोर आलं की मला मोकळं वाटतं. महाबळेश्वरच्या झाडीत मला तसं कधी झालं नाही. स्पिती म्हणजे तसाच उघडा मुलूख, पण डोंगरांच्या कुशीत, हे कळल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

विचारायचंय ते असं. आत कुठून शिरू, शिमल्याकडून की मनालीकडून? पेट्रोलचा कॅन लागतो का? उंची पाच फूट दोन इंच, गाडी जवळजवळ दोनशे किलोची, कुठे आडवी झाली आणि आसपास कुणी नसलं तर उचलायची कशी? बीपीची गोळी चालू आहे, सकाळी एक. त्याचं काय करायचं? आणि फोन कुठवर चालतो?

घरचे तयार आहेत, पण आईला रोज संध्याकाळी फोन करायचा शब्द दिलाय. "एकट्या बाईनं कशाला" हा विषय घरात बोलून संपलाय, इथे परत नको. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी कृपया लिहा.

घाटवेडा (पुणे)

मनालीकडूनच जा. अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून रोहतांगची खिंड चढावीच लागत नाही. पहाटे पाचला निघालात तर संध्याकाळी काझ्यात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात. शिमल्याकडून त्याच काझ्याला चार दिवस लागतात. रजा वाचते, ती वर फिरायला वापरा. मी तसंच केलं, काही झालं नाही.

पाना बारा-तेरा (कराड)

ताई, माझं गॅरेज आहे, गाडी माझीही ४११ च आहे आणि स्पितीला एकटाच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाटवेडा म्हणतात तसं एका दिवसात काझा होतो, हे खरं. पण तुम्ही शिमल्याकडून चढा. कारण सांगतो.

त्या मुलखात दिवस किलोमीटरवर आखून चालत नाही, तो पाण्यावर आखावा लागतो. काझा आणि मनालीच्या मध्ये बातलपासून छत्रूमार्गे ग्राम्फूपर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा टप्पा आहे. रुंदीकरणाचं काम चाललंय, काही भाग सुधारलाय, तरी वरच्या हिमनद्यांचे नाले अजून थेट रस्त्यावरून वाहतात. रात्री वर सगळं गोठतं, सकाळी नाल्याला पाणी कमी असतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळायला लागतं आणि ते पाणी खाली रस्त्यापर्यंत यायला काही तास लागतात. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्यावर येतो. म्हणजे हा टप्पा सकाळीच उरकायचा. मनालीहून निघालात तर तुम्ही तिथे पोचता पाणी वाढत असताना, पुढे कुंझुमचा घाट चढायचा बाकी, आणि शरीर अजून दोन हजार मीटरवरचं. कुंझुमच्या अलीकडे, स्पितीच्या बाजूला लोसर गाव आहे, तिथे मुक्काम करून उलट बाजूने आलात तर उजाडल्यावर निघून ऊन तापायच्या आत बातल, आणि दुपारच्या जेवणाच्या सुमारास ग्राम्फूच्या पुढचं कोकसर.

सप्टेंबरअखेर फार पहाटेही निघू नका. कुंझुमच्या सावलीतल्या वळणांवर रात्रीचं पाणी गोठून रस्त्यावर पातळ थर बसतो, तो दिसत नाही. वळणावर ऊन पडलेलं हवं, नाल्यात पाणी चढलेलं नको. तुमची वेळ या दोन्हीच्या मधली.

नाल्यापाशी आलात की गाडी स्टँडला लावा आणि उतरा. पाणी पसरट होऊन खळखळत असेल तिथे उथळ, गुळगुळीत गडद दिसतं तिथे खोल. कान द्या. पाण्याखालून दगड गडगडत गेल्याचा आवाज येत असेल तर मोठे दगड वाहतायत, थांबायचं. ट्रक किंवा बस येऊ द्या, ती कुठून जाते, चाक किती बुडतं ते बघा आणि तिच्या चाकोरीतून जा. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेस एकसारखी, नजर पलीकडच्या काठावर. पुढच्या चाकाकडे बघितलंत की गाडी तिथेच वळते. मध्ये बंद पडली आणि सायलेन्सर पाण्यात असेल तर स्टार्टर दाबू नका, ढकलून बाहेर काढा. पाणी आत ओढलं गेलं तर इंजिन तिथेच गेलं, आणि तिथून टोचन करून आणायला अख्खा दिवस जातो. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका दाबत थोडं चाला, म्हणजे पॅड सुकतात.

आता उचलायचं. हे घरीच शिकून जा. अंगणात जुनी गादी टाका, कुणाला तरी शेजारी उभं करा आणि गाडी आडवी करून उचला, जमेपर्यंत. आधी किल स्विच बंद, मग बॅगा सोडायच्या. म्हणूनच तुमच्यासाठी लोखंडी पेट्या नकोत, पट्ट्यांच्या मऊ बॅगा घ्या. पेटीखाली पाय अडकला तर हाड जातं. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. डावीकडे पडली असेल तर गिअरमध्ये टाका, म्हणजे सरकणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला कंबर टेकवून खाली बसा, एका हाताने खालची मूठ, दुसऱ्या हाताने मागचा कॅरिअर. हात सरळ ठेवा, ओढू नका. पायांनी मागे मागे छोटी पावलं टाकत उभ्या राहा. जोर मांड्यांचा लागतो, दंडाचा नाही. माझ्या गॅरेजात कॉलेजच्या पोरींना मी हे शिकवलंय, उंचीने तुमच्याएवढ्याच, छान उचलतात. मात्र उंचावर एकदा उचललीत की पाणी पिऊन दहा मिनिटं बसायचं. दम लागलेला असताना लगेच निघालं की पुढच्या वळणावर परत पडायला होतं.

पेट्रोल. टाकी पंधरा लिटरची. चढ धरून पंचवीसचं ॲव्हरेज पकडलं तरी पावणेचारशे किलोमीटर. रिकाँग पिओच्या खाली पोवारीला पंप आहे, तिथून काझा साधारण दोनशे. काझ्याहून मनाली पुन्हा दोनशेच्या आसपास. कॅन लागत नाही. मागे उंचावर बांधलेला कॅन गाडीचा तोल बिघडवतो, आणि पडल्यावर उचलायचं ओझंही तेवढं वाढतं. फक्त एक करा: पोवारीला आणि काझ्याला पोचल्या पोचल्या टाकी फुल, उद्यावर ठेवायचं नाही. खाली दरड आली की टँकर अडकतो आणि पंपावर पाटी लागते.

निघण्याआधी कोन सेट (हँडलचे बेअरिंग) आणि चाकांचे बेअरिंग बघून घ्या, चेन-स्प्रॉकेट अर्धं गेलं असेल तर पूर्ण सेट बदला. क्लच केबल आणि रेस केबल नवीन घेऊन जुन्या केबलच्या शेजारून आत्ताच ओढून ठेवा, दोन्ही टोकांना टेप लावून. तुटली तर टाकी न काढता नुसती टोकं बदलायची. थंडीत बधिर बोटांनी केबल ओवण्यापेक्षा हे फार बरं. पुढची-मागची एकेक ट्यूब, टायर काढायच्या दोन टॉमी, हातपंप, क्लच आणि ब्रेकचा लिव्हर, चेन लॉक, फ्यूज. बास.

कुंझुमच्या चढावर गाडी ओढत नाही असं वाटेल. साडेचार हजार मीटरवर हवाच साठ टक्क्यांच्या आसपास उरते, इंजिनला श्वास कमी पडतो. इंजेक्शनची गाडी आपलं आपण जुळवून घेते. कुणाला हात लावू देऊ नका.

सगळ्यात सांभाळायचा भाग कोणता विचाराल तर मी किन्नौर म्हणेन, शिमल्याकडून येताना स्पितीच्या आधी लागतो तो जिल्हा. लोक स्पितीला घाबरतात आणि किन्नौर गप्पा मारत पार करतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला अख्खी कडा खाली आली, एक बस आणि बाकीच्या गाड्या दबल्या, अठ्ठावीस माणसं गेली. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं तरी दगड सुटतात, ओल आत असते. रस्त्यावर ताजी खडी दिसली तर वर बघा, फोटोला थांबू नका, सरळ पुढे निघा. लाल झेंडेवाला थांबवतो तेव्हा वाद घालू नका, त्याला वरचं दिसत असतं.

एक भूलतज्ज्ञ (नाशिक)

पाना यांनी गाडीचं सांगितलंय, मी शरीराचं सांगते.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा ठोकताळा धरा. दिवसा वर चढून खाली येऊन झोपलात तर चालतं. नारकंडा सुमारे २,७००, कल्पा २,९५०, ताबो ३,३००, काझा ३,६५०. शिमल्याकडचा रस्ता जणू यासाठीच बांधलाय. मनाली २,०५० वर आहे. तिथून निघून ४,५५० चा कुंझुम ओलांडून त्याच रात्री काझा म्हणजे एका दिवसात सोळाशे मीटरची उडी. कुणाला त्रास होतो, कुणाला होत नाही, आणि कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. तब्येत ठणठणीत असण्याचा किंवा वयाचा त्यावर भरवसा धरू नका. घाटवेडा यांना काही झालं नाही याचा मला आनंद आहे, पण पुढच्या वेळी त्यांनीही असं करू नये.

तुम्ही एकट्या आहात, म्हणून एक गोष्ट फार मनापासून सांगते. उंचीचा त्रास मेंदूवर आला की पहिला बळी आपल्या निर्णयबुद्धीचा जातो. सोबत कुणी असलं तर ते म्हणतं, "अगं तू अडखळतेयस." तुम्हाला ते म्हणणारं कुणी नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी ठरल्या वेळी स्वतःची तपासणी करायची. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, जेवण जातंय का. मग जमिनीवरची एखादी सरळ रेघ धरून टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायचं. तोल जात असेल तर तो थकवा नव्हे, त्याच क्षणी खाली उतरायचं, आणि स्वतः गाडी चालवत नाही, टॅक्सी करून. बसल्या जागी धाप लागणं किंवा कोरडा खोकला वाढत जाणं यालाही तोच नियम. काझ्याला सरकारी रुग्णालय आहे, ऑक्सिजन मिळतो. नुसती डोकेदुखी असेल तर आहे त्याच उंचीवर एक रात्र जास्त काढा, वर जाऊ नका. आईला रोज संध्याकाळी फोन करणारच आहात, तर तपासणी त्याच्या आधी उरका आणि त्यांना खरं ते सांगा.

उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना भेटा, बीपीची गोळी सोबत घेऊन जा. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. डायमॉक्सही तेच करतं, दोन्ही मिळून पोटॅशियम उतरू शकतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. गोळी चालू केलीत की बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. गाडीवर असताना ते थंडीमुळे किंवा हँडलच्या कंपनामुळे वाटेल, म्हणून माहीत असू द्या. गोळी घेतली म्हणजे घाई करायला मोकळ्या, असं मात्र नाही. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, आणि रात्रीची दारू व झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य.

रानवाट (ठाणे)

ताई, मीही एकटीच गेले होते. माझी गाडी एक्सपल्स, लहान.

फोन: काझ्यात जिओ, एअरटेल दोन्ही लागले. मधल्या गावांत बीएसएनएलचा जास्त भरवसा, तेव्हा एक सिम ते ठेवाच. लोसर सोडलं की थेट कोकसरच्या अलीकडेपर्यंत माझा फोन मुका होता. त्या दिवसाचं आईंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, "उद्या फोन येणार नाही, परवा सकाळपर्यंत काळजी करायची नाही." लोसरला चेकपोस्ट आहे, वहीत नाव आणि गाडी नंबर लिहून घेतात. सुमदोलाही नोंद होते. आपल्याला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा.

मुक्काम शक्यतो घरगुती ठिकाणी करा. पाच वाजता गाडी दारात लावली की काम संपतं. मी ज्या घरी राहिले तिथल्या आजींनी माझे ओले मोजे माझ्या हातातून काढून घेऊन खोली गरम करायच्या शेगडीच्या, त्यांच्या तंदूरच्या नळीवर वाळत घातले, नि थुक्पा पुढे ठेवला. त्यांना हिंदी जेमतेम येत होतं. रात्री एकटी आहे म्हणून भीती वाटावी असा एकही प्रसंग मला आला नाही. रस्त्यात गाडी कडेला लावून चहा प्यायला थांबले तरी येणारा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न देऊन अंगठा वर करून विचारायचा, ठीक आहे ना?

तुम्ही जतच्या आहात म्हणून सांगते. पूह मागे पडलं की हिरवं संपत जातं. खाबला सतलज आणि स्पिती मिळतात, तो पूल ओलांडून नाकोची वळणं चढायला लागलात की डोंगरावर झुडूपसुद्धा राहत नाही. मोसमी ढग अलीकडच्या रांगांवरच रिकामे होतात, पलीकडे वाराच काय तो पोचतो. त्या चढावर मी हेल्मेटच्या आत रडले. कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही.

ताबोला दोन रात्री ठेवा. मठ ९९६ सालचा आहे, भिंती मातीच्या. बाहेरून साधी मातीची घरं वाटतात. आत शिरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, घाईतले लोक दोन मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही बसा. डोळे सरावले की भिंतीवरची चित्रं एकेक करून वर येतात, निळा रंग सगळ्यात आधी. फोटो काढायला मनाई आहे आणि ते फार चांगलं आहे.

कृष्णाकाठ (मिरज)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं वहीत उतरवून काढलं.

शिमल्याकडून, हे ठरलं. नारकंडा, कल्पा, ताबोला दोन रात्री, मग काझा. डॉक्टरांची वेळ घेतलीय, गोळीची पाकिटं सोबत नेते. अंगणात गाडी उचलून बघितली. पाठ लावून खरंच उचलली जाते! मुलगा शेजारी उभा होता, त्याला हात लावावा लागला नाही.

दोन शंका उरल्यात. चंद्रताल तळ्यापाशी रात्र काढू का, की नुसतं बघून पुढे जाऊ? आणि गाडी मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला पाठवायचा विचार आहे, दिल्लीपर्यंत चालवत नेण्यात मला रस नाही. पॅकिंगचं काय बघायचं?

एक भूलतज्ज्ञ (नाशिक)

काझ्याला दोन रात्री, लोसरला एक, हे सगळं त्रासाशिवाय गेलं तर चंद्रतालला (सुमारे ४,२५०) झोपायला माझी हरकत नाही. लोसरला डोकं दुखलं तर चंद्रताल सोडायचा. तो निर्णय आत्ताच वहीत लिहून ठेवा, तिथे गेल्यावर घ्यायचा नाही.

पाना बारा-तेरा (कराड)

चंद्रतालला राहाच, डॉक्टरताई म्हणतात त्या अटीवर. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे, मुक्काम अलीकडच्या कॅम्पमध्ये. ऑक्टोबर लागला की ते गुंडाळायला लागतात, म्हणून आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी तिथून बातल जवळ पडतं, म्हणजे नाले सकाळचेच मिळतात. रात्री पारा शून्याच्या खाली जातो, तेव्हा गाडी भिंतीच्या किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला लावा, वर कव्हर टाका. सकाळी स्टार्टर एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबायचा नाही, मध्ये थांबायचं. चालू झाली की रेस न देता तशीच राहू द्या, चहा होईपर्यंत.

रेल्वेचं म्हणाल तर पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच जाऊन विचारा. मिरजेला गाडी थांबते थोडा वेळ, डब्यात जागा नसली तर तुमची गाडी पुढच्या ट्रेनने येते, म्हणून दिल्लीत एक दिवस हातचा ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, नाहीतर घेत नाहीत. आरसे काढून बॅगेत, लिव्हर दोन्ही सैल करून आत वळवायचे. हेडलाइट, इंडिकेटर आणि टाकीला आधी जुनी चादर, वरून गवत आणि गोणपाट शिवून घ्यायचं. स्टेशनबाहेर पॅकिंगवाले असतात, पण समोर उभं राहून करून घ्या. नाव, फोन आणि कुठून-कुठे हे पुठ्ठ्यावर न लिहिता पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून तारेने बांधा, शिवाय सीटखाली दुसरी चिठ्ठी. आरसीची झेरॉक्स लागते, मूळ कागद स्वतःजवळ.

पॅक करायच्या आधी एकदा गाडी कराडला घेऊन या. कोन सेट मी स्वतः बघतो आणि दोन्ही केबल ओढून देतो. सोमवारी बंद असतं, बाकी कधीही.